एक किलोमीटरच्या आत

मंगळवार, २७ जानेवारी

भंतेंनी दिवाळीच्या शिबिरात सांगितलं होतं, सकाळची वंदना झाली की मन कसं आहे ते लिहून ठेवा, सजवू नका. इतके दिवस जमलं नाही. आज बसलो, कारण वंदनेत मन लागलंच नाही.

काल दुपारी जब्बारभाईंचा फोन आला. "गिरधरभाऊ, जरा येऊन जा. पक्षी मरून राहिले. औषध देऊन पाहिलं, फरक नाही." त्यांची पोल्ट्री हायवे सोडून आत, पाड्याच्या अलीकडे. शेडच्या दारातच समजलं. तुरे निळे पडलेले, माना टाकलेल्या, मेलेल्यांचा ढीग एका कोपऱ्यात. जब्बारभाईंनी मला काहीच विचारलं नाही. मागच्या साथीत ते इथेच होते, त्यांनी सगळं पाहिलंय. मी तेव्हा धडगावला नोकरीला होतो. नुसतं ऐकलं होतं.

सदफ मॅडमना कळवलं. आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर, नंदुरबारच्याच, वयाने माझ्या मुलीएवढ्या. तासाभरात आल्या. नमुने घेतले, डबे सील केले, भोपाळच्या प्रयोगशाळेला रवाना झाले. घरी आलो तर बायकोने, दीपमालाने, ओट्यावर गरम पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे ठेवले होते. न विचारता.

मला भीती कशाची वाटते ते लिहितो. रिपोर्ट तसा आला तर शेडपासून एक किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारावा लागतो, आणि पथकात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझं नाव पहिलं असेल. एवढ्या नोकरीत मी अडलेल्या गाई सोडवल्या, लसी टोचल्या, हाताने कधी मारलं नाही. मटण सोडून वर्षं झाली. रोज सकाळी पहिलं शील म्हणतो, प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन. मग त्या दिवशी सकाळी काय म्हणायचं?

गुरुवार, २९ जानेवारी

रिपोर्ट नाही.  दुपारी मोबाईल कंपनीचा फोन आला, तोही पहिल्या घंटेला उचलला.

मॅडमना म्हणालो, मला पथकातून वगळता आलं तर बघा. नोंदी ठेवीन, चुना आणीन, खड्डा खणून घेईन, पण मारण्याचं काम नको. कारणही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"काका, तुमच्या जागी मी कोणाला पाठवू?" त्या म्हणाल्या. "ज्याला पाठवीन तोही घरी जाऊन जेवणारच आहे ना?"

 त्यांना राग आला नव्हता. खरंच विचारत होत्या.

जेवायला बसलो, ताट तसंच राहिलं. दीपमाला म्हणाली, "जेवशात का नुसतं ताटकडे देखत बठशात?" तिला काय सांगू? तिला ध्यानाची, चिंतनाची फारशी आवड नाही. शिबिराला चला म्हटलं तर घर कोण पाहील म्हणते. तिचा धम्म रविवारी विहार झाडून सतरंज्या घालण्यापुरता. अशा वेळी माणसाला घरात बोलायला कोणीतरी हवं, असं वाटून गेलं.

शनिवार, ३१ जानेवारी

आला. तोच आजार, बर्ड फ्लू.

भंतेंना फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

सोमवार, २ फेब्रुवारी

काल माघ पौर्णिमा होती. विहारात उपोसथ, पौर्णिमेचं व्रत, होतं, आणि मी त्या वेळी शेडमध्ये होतो.

सगळं लिहिणार नाही. पांढरा पोशाख, चष्मा, दुहेरी हातमोजे. आत इतकं गरम होतं की चष्म्यातून नीट दिसत नव्हतं, त्याचा मला आधारच वाटला. सुरुवातीला प्रत्येक पक्ष्यागणिक मनात मैत्रीभावना म्हणत होतो, सर्व जीव सुखी होवोत. थोड्या वेळाने शब्द मागे पडले आणि हातच चालू राहिले. याचीच मला जास्त भीती वाटली. संध्याकाळपर्यंत मी वेगाने काम करत होतो. एकजण म्हणाला, काकांचा हात बसला आता.

जब्बारभाई फाटकाबाहेर पालथ्या क्रेटवर बसून होते. त्यांच्या घरून, शहाबानोभाभींकडून, पथकासाठी चहाची किटली आली. भाभींनी निरोप पाठवला होता की साखर कमी असेल तर सांगा. त्यांच्या शेडमध्ये आम्ही काय करत होतो, आणि त्या साखरेचं विचारत होत्या. मी चहा घेतला नाही. मला तो घ्यायचा अधिकार नाही असं वाटलं. जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पेला परत किटलीत ओतला.

शेडच्या मजुरांना तपासणीसाठी गावाबाहेरच्या एका रिकाम्या हॉलमध्ये ठेवलंय. गोळ्या सुरू केल्यात, रोज ताप मोजतात. जेवणाची सोय झाली म्हणतात, पण डबे पोचवायला कोणी तयार नाही. पाड्यावरच्या लोकांनी निरोप दिला, इतक्यात परत येऊ नका.

घरी आलो तर दीपमाला नव्हती. विहारातल्या चार बायकांना घेऊन भाकरी थापायला गेली होती, त्या हॉलसाठी. आली तेव्हा मी अंघोळ करून अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसलो होतो. तिने विचारलं, "बरं शे का?" मी हो म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली. खरं तर मला वाटत होतं, तिने थोडा वेळ बसावं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज पाड्यावर घरोघरच्या कोंबड्या. शेडमधल्यापेक्षा हे अवघड. शेडमध्ये पक्ष्यांना नाव नसतं. इथे बायका एकेक कोंबडी हातात आणून देतात, आणि देताना तिच्या पाठीवरून हात फिरवतात. आम्ही भरपाईचं सांगतो. त्या मान हलवतात.

पाड्याच्या टोकाला कमलीबाईचं घर आहे. एकटी म्हातारी. तिचा भाचा गोवाल जब्बारभाईंच्या शेडवर होता, तो आता हॉलमध्ये. ती मावची बोलीत बोलते, मला समजते. इथे माझ्या मराठीत लिहितो.

"कोंबड्या नाहीत," ती म्हणाली. "घुबडाने नेल्या."

मी आत गेलो. पथकातला माझा जोडीदार बाहेर पोत्याचं तोंड बांधत होता. कणगीमागे डालं पालथं घातलेलं, वर गोधडी. गोधडीखालून आवाज येत होता, कोंबड्या अंधारात करतात तसा, हळू. ती माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती.

"गोवाल पण नाही आता," ती म्हणाली. "घरात बोलायला एवढंच आहे."

मी बाहेर आलो आणि जोडीदाराला सांगितलं, "इथे काही नाही. चल."

परतताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. खोटं बोललो, चौथं शील मोडलं, हे कळतंय. पण पहिल्यासाठी चौथं मोडलं. चार-पाच कोंबड्या. ठणठणीत दिसत होत्या, म्हणजे आवाजावरून तरी. एवढ्या हत्येत चार जीव तरी माझ्या हातून वाचले. आज या साथीत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल आणि आज सकाळी ध्यान चांगलं झालं. कमलीबाईचा चेहरा समोर येतो आणि मन निवतं. करुणा म्हणजे काय हे शिबिरात ऐकलं होतं, आता अनुभवतोय असं वाटतं.

घरात मात्र कटकट. शेजारचे येऊन सांगून गेले की वहिनी त्या हॉलवर जातात, कॉलनीत रोगराई आली तर कोण जबाबदार? मी दीपमालाला म्हणालो, दोन दिवस थांब, दुसरं कोणी जाईल.

"कोण जाई?" तिने विचारलं.

मला नाव सुचलं नाही. ती डब्यांना फडकं बांधत होती. म्हणाली, दारातच ठेवते, तोंडाला बांधते, आल्यावर हातपाय धुते, मॅडमला विचारूनच करते. मॅडमशी तिचं बोलणं होतं हे मला माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, लोकांना सांभाळूनही राहावं लागतं.  डबे उचलून गेली.

शनिवार, ७ फेब्रुवारी



गोवालने काल हॉलच्या खिडकीतून दीपमालाला हाक मारली. मावशी एकटी आहे, तिच्याकडे कोणी जातं की नाही माहीत नाही, जरा बघून याल का, म्हणाला. दीपमाला तशीच पाड्यावर गेली. कमलीबाई तापाने फणफणलेली, खोकल्याने वाकलेली. दोन दिवस पोटात काही नाही. शेजारचे दारापर्यंत येऊन परतत होते. कोंबड्यांचा ताप असेल म्हणून आत कोणी जाईना. दीपमालाने तिला उठवून बसवलं, अंग पुसलं, लुगडं बदललं, मांडीवर डोकं घेऊन पेज पाजली.

हे सगळं तिने मला रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. 

"कशाला गेलीस तिथे?" माझा आवाज चढला.

"तठे कोणी जाई नही ऱ्हायनं," ती म्हणाली. "तिले पाणी पाजाले बी कोणी नही व्हतं."

"तोंडाला बांधलं होतंस?"

"व्हतं. पेज पाजताना ती खोकलनी, फडकं ओलं व्हयनं, मंग सोडं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तिन्हा घरमा तर कोंबड्या नहीत ना? तुम्हीच तपासं ना ते घर?"

मी हो म्हणालो. हो. पुन्हा एकदा खोटं.

साधा ताप असेल. थंडीचे दिवस आहेत. म्हातारं माणूस आहे. डालं कणगीमागे आहे आणि तिचं अंथरूण चुलीपाशी, मध्ये अंतर आहे. पण झोपडीत कितीसं अंतर असणार? आणि डालं आत आणायला तिला कोणी भाग पाडलं? एरवी कोंबड्या अंगणात असतात. मी गेलो होतो म्हणून त्या घरात आल्या. आणि मी तशाच ठेवून आलो.

दीपमाला निजली. मी मधून मधून तिच्या कपाळाला हात लावून बघतोय. तिला वाटतंय मी प्रेमाने करतोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी ती विहारात जायची तयारी करत होती. मी म्हणालो, बस जरा. आणि सगळं सांगितलं. डालं, गोधडी, आवाज, "इथे काही नाही." मला वाटलं होतं ती घाबरेल, स्वतःसाठी. ती खाली बघत ऐकत राहिली. मग विचारलं, "मंगळवारनं माहीत व्हतं तुम्हले?"

"हो."

"आनि काल मी इचारं, तव्हय बी?"

"हो."

 मी म्हणालो, तिच्यावर दया आली गं, ती माझ्याकडे अशी बघत होती.

"तिन्हावर दया नही करी तुम्ही," ती म्हणाली. "तिन्हं रडनं तुम्हले सहन नही व्हयनं, इतलंच. दया करतात तर तिन्हाजोडे बठी ऱ्हातात. मंग कोंबड्या उचलतात, आनि दुसरे रोज परत जातात देखाले." मग उठून चप्पल घातली. "पहिले गाडी काढा. मॅडमकडे चला. ती बाई मरी ऱ्हायनी तठे."

मॅडम दवाखान्यातच होत्या. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं: घर कुठलं, कोंबड्या किती, आत कोण कोण गेलं. मग फोन लावले. अॅम्ब्युलन्स आली. पोशाख घालून आम्ही पाड्यावर गेलो. दीपमालाला मॅडमनी घरी पाठवलं, बाहेर पडायचं नाही, कोणाला भेटायचं नाही, दोन वेळा ताप मोजायचा.

कमलीबाईला स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा ती शुद्धीवर होती. पांढऱ्या पोशाखात तिने मला डोळ्यांवरून ओळखलं. माझ्या हातात रिकामं पोतं होतं.

"तू पाहिल्या होत्या," ती म्हणाली. "मला माहीत होतं तू पाहिल्या होत्या."

"हो, बाई."

"मग ठेवू कशाला दिल्या?"

अॅम्ब्युलन्सचं दार लागलं.  दीपमालाने सकाळी जे सांगितलं तेच उत्तर होतं, पण ते त्या बाईला कसं देणार?

मॅडम म्हणाल्या, "काका, मी दुसऱ्याला आत पाठवू का?"

मी नको म्हटलं. आत गेलो. एक कोंबडी डाल्यात मेलेली होती. बाकीच्यांचं काम मी केलं. नमुने घेतले, खड्ड्यापर्यंत मीच नेल्या.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आता मलाही घरात बसवलंय. दीपमाला पुढच्या खोलीत, मी मागच्या. मधलं दार बंद.

कमलीबाई नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात. घशाचा नमुना पुण्याला गेला. दीपमालाचाही. "कारणे दाखवा" नोटीस निघाली आहे. उत्तर लिहिलं. आधी फार लांब झालं होतं, त्यात शील, मन, परिस्थिती सगळं आलं होतं. ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं: मी कोंबड्या पाहिल्या आणि नाहीत असं सांगितलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दीपमालाला कणकण आहे. दाराआडून विचारलं तर म्हणते, अंग जड आहे, बाकी काही नाही. खोकला दोनदा ऐकला. मग बराच वेळ ऐकला नाही, तर तेवढ्यानेही जीव घाबरा झाला. दाराला कान लावून उभा राहिलो. ती आत गुणगुणत होती.

भंतेंचा फोन आला. मला इतके दिवस त्यांना विचारायचं होतं की माझ्या शीलाचं काय. फोन आल्यावर ते विचारायचं राहूनच गेलं. मी म्हणालो, घरी आजारपण आहे, नंतर बोलतो.

काल दुपारी फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर जब्बारभाई. कुंपणाच्या भिंतीवर डबा ठेवून मागे सरकून उभे राहिले.

"तुमच्या भाभींनी खिचडी दिली. कढी आहे," ते लांबून म्हणाले. "तोंडी लावायला कांदा आहे, अंडं-मटण काही नाही, भांडंही वेगळं घेतलं."

मी खिडकीतूनच म्हणालो, "जब्बारभाई, त्या दिवशी तुमच्याकडचा चहा..."

"सोडा ना, भाऊ. पोशाखातून कसा पिणार होता?"

ते मला सोडवत होते. मी म्हणालो, "पोशाख काढला होता तेव्हा मी. मी मुद्दाम घेतला नाही."

 "माहीत आहे," ते म्हणाले. "शहाबानोला वाटलं, आमच्या घरचा म्हणून घेतला नाही."

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी एवढंच पाहत होतो की मी पापी की नाही, आणि पलीकडे एक बाई विचार करत होती की तिच्या घरचा चहा का चालला नाही. मी म्हणालो, भाभींना सांगा, तसं नव्हतं. ते म्हणाले, तुम्हीच सांगा, बाहेर पडाल तेव्हा.

जाता जाता सांगितलं, हॉलचे डबे आता शहाबानोभाभी आणि विहारातल्या बायका मिळून पोचवतात. भाकरी विहारात, भाजी भाभींकडे. दीपमालाने फोनवरून ठरवून दिलं म्हणे. मला दाराच्या या बाजूला काही कळलं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मॅडमचा फोन सकाळी आला. नाव दिसलं आणि उचलायचं धाडस होईना. वाजून बंद झाला. परत वाजला.

दीपमालाचा नमुना स्वच्छ. कमलीबाईला न्यूमोनिया, साधा. उतार पडतोय.

 मॅडम फोनवरच होत्या. "काका, ऐकताय ना? कोंबड्यांचा रिपोर्टही आला."

"काय आलं?"

"लागण होती. सगळ्यांना."

मग म्हणाल्या, "तुम्ही रविवारी आलात म्हणून मी तुमच्याशी अजून बोलतेय. नसता आलात तर काय झालं असतं, ते मी रोज मनात मोजते. तुम्हीही मोजत असाल." त्यांचा आवाज थकलेला होता. या पोरीनेही इतके दिवस नीट झोप घेतलेली नाही, हे मला आज जाणवलं. विचारलं, तुम्ही जेवता का वेळेवर? त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, आज जेवीन.

दार उघडलं. दीपमाला केस विंचरत होती. मी सांगितलं. तिने फणी बाजूला ठेवली, तोंड झाकून घेतलं आणि रडली. इतके दिवस ती घाबरलेली होती. दाराच्या पलीकडे, माझ्याइतकीच. मला एकदाही जाणवू दिलं नाही, किंवा मी पाहिलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

विहारात गेलो. दोन-चार जण माझ्याकडे पाहून बोलायचे थांबले. वंदना झाल्यावर मी उभं राहून काय घडलं ते सांगितलं.  एकाने नंतर म्हटलं, तुमचा हेतू चांगला होता. मला ते ऐकून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

मग दीपमालासोबत सतरंज्या घडी केल्या. त्या बऱ्याच जड आहेत.

परतताना शहाबानोभाभींकडे गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी चहा ठेवला. साखर जास्त होती. दोन पेले घेतले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

कमलीबाई गुरुवारी घरी आली. गोवालही सुटला, पण पाड्यावर अजून त्याच्याशी कोणी नीट बोलत नाही, म्हणून तो दिवसभर सरपणाला निघून जातो. मॅडमना विचारून मी आज दीपमालाबरोबर गेलो. नवीन कोंबड्या नेता येत नाहीत, या भागात आता काही महिने पक्षी पाळायला बंदी आहे. शिवाय कोंबड्या घेऊन गेलो असतो तर पुन्हा माझंच समाधान केल्यासारखं झालं असतं. काय न्यावं ते कळेना. शेवटी काहीच नेलं नाही.

ती ओट्यावर उन्हाला बसली होती. अर्धी झालेली. दीपमालाला जवळ बसवून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी हंडे घेऊन हापशावर गेलो, भरून आणले, परत गेलो, परत आणले. ठेवायला आणखी भांडं उरलं नाही, तेव्हा अंगणात उभा राहिलो.

"बस," ती म्हणाली.

मी खाली बसलो.

"आता सांग. त्यांना कसं मारलंस? मला गाडीत घातलं होतं, मी पाहिलं नाही."

मी दीपमालाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

मी सांगितलं. एक डाल्यात आधीच मेलेली होती, तपकिरी. मग डालं थोडं उचलून एकेक बाहेर काढली. काखेत धरली, डोळ्यांवर फडकं टाकलं. मान कशी धरली तेही सांगितलं. काळी पहिली, कारण ती पुढे होती. मग ठिपक्यांची.

"ओरडल्या?"

नाही म्हणावंसं वाटलं. शब्द तोंडापर्यंत आला होता.

"काळी नाही ओरडली," मी म्हणालो. "ठिपक्यांची ओरडली."

"आणि लाल?"

"लाल हातातून सुटली. कणगीवर चढली, तिथून आढ्याकडे उडाली. बराच वेळ सापडली नाही. धरली तेव्हा मनगटावर चोच मारली, दोन-तीनदा."

"लागलं?"

"लागलं."

"चांगलं केलं तिनं," कमलीबाई म्हणाली.

कुठे पुरल्या ते विचारलं. शेडमागच्या खड्ड्यात, वर चुना, वर माती, मी सांगितलं. शेडमधल्या पक्ष्यांबरोबरच का? हो.  मग लाल कोंबडीचं सांगू लागली. ती अंड्यातून निघाली तेव्हा पाऊस थांबत नव्हता, आई मुंगसाने नेली होती, गोवालने पिल्लू टोपीत घालून शेकोटीपाशी ठेवलं. मोठी झाल्यावर कोणालाच घरात येऊ द्यायची नाही. एकदा पाटलाच्या पाहुण्याच्या मागे लागली होती. सांगताना खोकला यायचा, मग थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची.

ऊन ओट्यावरून सरकून अंगणात आलं. दीपमालाने तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले. कमलीबाई ठिपक्यांच्या कोंबडीपर्यंत आली होती, काळी अजून सांगायची राहिली होती. मी मांडी मोडली नाही, तिथेच बसून राहिलो.